बॅरी गोल्डवॉटर: उमेदवारी जिंकली, निवडणूक गेली

बॅरी गोल्डवॉटर म्हटलं की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतला त्यांचा १९६४ चा दणदणीत पराभव आठवतो. पण त्यांना रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळाली कशी, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये घरचं मोठं दुकान, १९४९ मध्ये नगरपरिषद आणि १९५२ मध्ये सिनेट, म्हणजे संसदेचं वरिष्ठ सभागृह. तिथल्या बहुमतातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यालाच, अर्नेस्ट मॅकफार्लंड यांना, त्यांनी हरवलं.

खरी गोष्ट १९६१ मध्ये सुरू होते. पक्षाचे एक संघटक एफ. क्लिफ्टन व्हाइट यांनी शिकागोत मोजके कार्यकर्ते जमवले. पक्षाचा उमेदवार राष्ट्रीय अधिवेशनात राज्याराज्यांतले प्रतिनिधी निवडत. त्या वेळी प्रायमरी, म्हणजे उमेदवारीसाठी थेट मतदारांचं मतदान, थोड्याच राज्यांत होत. बाकीकडे आधी गल्ली-वॉर्डाची बैठक, मग काउंटीची, मग राज्याचं अधिवेशन, अशा पायऱ्यांनी प्रतिनिधी ठरत. वॉर्डाच्या बैठकीला माणसं फारशी फिरकत नसत. आपली दहा-वीस पक्की माणसं वेळेवर नेऊन बसवली, की पुढच्या पायरीवर आपलेच लोक जात. व्हाइट यांनी हेच काम राज्याराज्यांत चिकाटीने केलं. म्हणून मार्च १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायरची प्रायमरी हरूनही गोल्डवॉटर शर्यतीत टिकले.

कॅलिफोर्नियात मात्र मतदारांसमोर जावंच लागलं. जिंकेल त्याला सगळे ८६ प्रतिनिधी. प्रतिस्पर्धी नेल्सन रॉकफेलर यांचा घटस्फोट आणि दुसरं लग्न आधीच चर्चेत होतं. त्यात मतदानाच्या तीन दिवस आधी त्यांना मुलगा झाला आणि तो विषय पुन्हा उफाळला. २ जूनला गोल्डवॉटर सुमारे ६८ हजार मतांनी निसटते जिंकले. जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या राष्ट्रीय अधिवेशनात १,३०८ पैकी ६५५ प्रतिनिधी हवे होते. त्यांना पहिल्याच फेरीत ८८३ मिळाले.

आणि इथेच घोडं अडलं. एवढी मोट बांधणाऱ्या व्हाइट यांना पक्षाचं अध्यक्षपद दिलं नाही. ते ॲरिझोनाच्या डीन बर्च यांच्याकडे गेलं. माझ्या मते ही मोठी चूक होती, पण पराभवाचं मूळ त्याहून खोल होतं. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन योजना, ऐच्छिक करण्याच्या बोलण्याने म्हातारी माणसं धास्तावली होती, अण्वस्त्रांबद्दलच्या मोकळ्या बोलण्याने बाकीचे. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा देणाऱ्या गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या कायद्याविरुद्ध मत दिलं. हॉटेलं-दुकानं आणि नोकऱ्यांत भेदभावाला बंदी घालणारी कलमं घटनेत बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा हेतू काहीही असो, वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांना त्यातून बळ मिळालं, हे नाकारता येत नाही.

निकालात ते मतच दिसतं. दक्षिणेतली पाच राज्यं, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिना, त्यांच्याकडे आली. बाकी देशात फक्त स्वतःचं ॲरिझोना, तेही जेमतेम एका टक्क्याने. राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, राज्यवार मिळणारी इलेक्टोरल मतं ५२, डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची ४८६.