काळी चार की पांढरी सहा

बॉबी टिमन्सची ‘मोनिन’ ही जॅझ रचना पियानोवर बसवायला मला अडीच महिने लागले. त्यातला सव्वा महिना एका स्वरापायी गेला, आणि तो स्वर चुकीचा छापणाऱ्यांवरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

पेटी मी शाळेपासून वाजवते. पियानो चार वर्षांपूर्वी सुरू केला. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमासाठी सरांनी ही रचना सुचवली आणि मी नेटवरून तिची एक अरेंजमेंट, म्हणजे पियानोसाठी लिहिलेली स्वरलिपी, विकत घेतली. चार पानं, वर ‘मध्यम पातळी’ असं लिहिलेलं. घेताना एक जपा: चार्ल्स मिंगसचीही याच नावाची रचना आहे, १९५९ची. ती वेगळी, बॅरिटोन सॅक्सोफोनने सुरू होणारी. नाव बघून पैसे भरू नका, संगीतकार बघा.

आपली रचना ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बँडने ३० ऑक्टोबर १९५८ रोजी न्यू जर्सीत हॅकनसॅकला रेकॉर्ड केली. पियानोवर खुद्द टिमन्स. पांढरी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरा. बाकीचे गप्प असतात आणि पियानो एकटाच सवाल टाकतो. त्या ओळीत कोमल गंधार. लगेच जवाब येतो, फक्त दोन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे दोन गुच्छ: आधी मध्यमाचा, मग षड्जाचा. चर्चमध्ये प्रार्थना संपली की जमलेली मंडळी ‘आमेन’ म्हणतात, तोच हा उतार. पहिल्या फेरीत सवाल पियानोचा, आमेन ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनचं. दुसऱ्या फेरीत अदलाबदल.

माझ्या कागदावरून सवाल झकास वाजायचा. आमेन मात्र दरवेळी बसकं. जणू समोरच्याने ‘हो’ म्हणण्याऐवजी उसासा टाकला. सर म्हणाले, “ताई, मनगट सैल सोडा.” दोन आठवडे मनगट सैल सोडलं. मग पेडल कमी केलं. मग वाटलं, आपला स्विंगच, म्हणजे जॅझची झुलती लयच कच्ची, म्हणून टकटक लय देणारा मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून घासलं. काही फरक नाही. रोज ऑफिसातून आल्यावर तासभर तेच दोन कॉर्ड. शेजारच्या काकूंनाही ते पाठ झाले असतील.

शेवटी एका रात्री पेटी काढली. लेकीने फोनवर रेकॉर्डचा वेग निम्मा केला आणि आमेनचा तेवढाच तुकडा फिरवत ठेवला. दुसऱ्या कॉर्डवर मी कागदातली काळी चार, म्हणजे कोमल गंधार, दाबली. खरखर. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. मग बोट सरकवून पांढरी सहा धरली आणि पेटीचा आवाज कॉर्डमध्ये असा मिसळला की ती वाजतेय की नाही ते भात्यावरच्या हातालाच कळत होतं. शुद्ध गंधार! सवालात कोमल, जवाबात शुद्ध. जोग राग ऐकणाऱ्याला दोन गंधारांची गोडी वेगळी सांगायला नको. माझ्या कागदावर मात्र दोन्हीकडे काळी चारच होती. सुरुवातीला चार फ्लॅट, म्हणजे स्वर कोमल करणारी चिन्हं, लिहिले आणि आमेनवर तो कोमल रद्द करणारं नॅचरलचं चिन्ह द्यायला विसरले, एवढंच.

विकणाऱ्यांना लिहिलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं की ही नवशिक्यांसाठी सोपी केलेली आवृत्ती आहे आणि डाउनलोड केलेल्या फाइलचे पैसे परत मिळत नाहीत. सोपं करायला एखादा स्वर गाळा, माझी हरकत नाही. पण काळी चार असो की पांढरी सहा, बोट एकच लागतं. यात सोपं काय केलं? तसं लिहून पाठवलं. त्यावर आजतागायत उत्तर नाही. पैशांचं दुःख कमी आहे. चूक त्यांची होती आणि मी सव्वा महिना स्वतःच्या हाताला दोष देत बसले, ते विसरत नाही.

त्यानंतर मी आधी करायला हवं होतं ते केलं: तीन रूपं शेजारी मांडली. ब्लेकीचं, टिमन्सने १९६०च्या जानेवारीत बासवर सॅम जोन्स आणि ड्रमवर जिमी कॉब यांच्याबरोबर केलेलं त्रिकुटाचं, आणि लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या तिघा गायकांनी गायलेलं. एकट्याने वाजवणाऱ्याला त्रिकुटाचं सगळ्यात उपयोगी. तिथे ट्रम्पेट-सॅक्सोफोन नाहीत, त्यामुळे हाक आणि ओ दोन्ही पियानोलाच द्यावी लागते. पण शिकवलं मला गायलेल्या रूपाने. जॉन हेंड्रिक्सच्या शब्दांबरोबर गुणगुणलं की सवालानंतर श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं. मी ती जागा भरून काढत होते. तिथे थांबायचं असतं.

मधल्या आठ बारच्या (चार-चार मात्रांच्या आठ खंडांच्या) तुकड्याकडे, म्हणजे ब्रिजकडे, बहुतेक छापील अरेंजमेंट दुर्लक्ष करतात. टिमन्सकडे आधी फक्त सवाल-जवाबाचा तुकडा होता. बँडमधल्या टेनर सॅक्सोफोनवाल्या बेनी गोल्सनने मागे लागून त्याच्याकडून ब्रिज करून घेतला. तिथे थांबणं-बोलणं संपतं आणि चाल सलग वाहू लागते. डावा हात तिथे चालता ठेवा, नाहीतर परत आलेल्या सवालाला वजन येत नाही.

आणि हो, नवीन कागद हातात आला की पहिल्याच दिवशी आमेनचा दुसरा कॉर्ड तपासा. आधी रेकॉर्डबरोबर, मग बोटं.

कार्यक्रमात पहिलं आमेन वाजलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी “क्या बात!” म्हणालं. दुसऱ्या दिवशी सरांनी माझा कागद मागून घेतला, क्लासच्या प्रतीवर आठही ठिकाणी पेन्सिलने नॅचरलचं चिन्ह काढलं, आणि माझा परत दिला.