मुख्यमंत्री म्हणजे ताई

"पंतप्रधान कोण?"
"इंदिरा गांधी!"
"मुख्यमंत्री कोण?"
"शशिकलाताई काकोडकर!"

गोव्यातल्या आमच्या गावच्या शाळेत सामान्य ज्ञानाचा तास बाई असाच सुरू करायच्या. 1973 ते 1977, पहिलीपासून चौथीपर्यंत, सुरुवातीचे दोन महिने सोडले तर मी ही दोनच नावे घोकली. त्यामुळे राज्य बायकाच चालवतात असा माझा प्रामाणिक समज होता. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले तेव्हा घरी येऊन मी आईला विचारले, "बाप्येही होतात?" ती चुलीपुढे पेज ढवळत होती. हसता हसता तिला ठसका लागला.

आपली शाळा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री आणि ताईंचे वडील भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघालेल्या सरकारी मराठी शाळांपैकी. आधी देवळाच्या सभामंडपात भरायची. आरती सुरू झाली की पाढे बंद. मी पहिलीत बसले त्याला दोन महिनेही झाले नव्हते आणि 12 ऑगस्ट 1973 ला, रविवारी, भाऊसाहेब गेले. सोमवारी मास्तरांनी आम्हांला अंगणात रांगेने उभे केले. त्यांचा आवाज फुटेना. बसवलेले लेझीम त्या 15 ऑगस्टला झालेच नाही.

मग ताई आल्या. जन्म आपल्या पेडण्याचा, शिक्षण धारवाड-मुंबईचे, 1967 पासून आमदार आणि 1972 पासून वडिलांच्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री. खुर्ची वडिलांमुळे मिळाली असे लोक तेव्हा म्हणत, आजही म्हणतात. मिळाली असेल. पण 1977 ची निवडणूक भाऊंच्या पश्चात त्यांनीच लढवली आणि 30 पैकी 15 जागा आणल्या. अगदी काठावरच्या, पण सरकार पुन्हा त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, म्हणजे मगोचेच आले.

माझ्यापुरत्या मात्र ताई निवडणुकीत नाहीत, आमच्या घराच्या छपरात आहेत. आम्ही मुंडकार. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीत, दारातल्या माडाचा नारळ पडला तरी उचलायचा नाही. छप्पर चुडतांचे, माडाच्या झावळ्यांचे. कौले घालायची तर भाटकाराला विचारावे लागे आणि उत्तर ठरलेले असे, पुढच्या वर्षी बघू. ताईंच्या कारकिर्दीत मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा 1975 चा मुंडकार कायदा आला, पुढच्या वर्षी कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली. वडिलांना अक्षरओळख नव्हती. कायद्याची बातमी पेपरातून मास्तरांनी वाचून दाखवली आणि वडिलांनी ती दोनदा वाचायला लावली. पावसाच्या आधी घरावर मंगळुरी कौले चढली. खालून एकेक कौल वर देणाऱ्या रांगेत मीही होते. एक माझ्या हातून निसटून फुटले. एरवी पाठीत धपाटा बसला असता, त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. कायदा होऊनही मालकीच्या कागदासाठी पुढे मामलेदार कचेरीच्या किती खेपा झाल्या, ती कहाणी वेगळी.

एप्रिल 1979 मध्ये सरकार पडले. विरोधकांच्या बळावर नव्हे, स्वतःच्याच पक्षातले आमदार फुटले म्हणून. मग पराभव, काँग्रेस, वडिलांच्या नावाने वेगळा पक्ष, पुन्हा मगो. त्या धावपळीत ताईंनी आपलीच पुण्याई बरीच खर्ची घातली, असे मला वाटते. त्यांच्यानंतर गोव्याला दुसरी स्त्री मुख्यमंत्री आजवर लाभलेली नाही. महाराष्ट्राला तर पहिलीही नाही, हे मुंबईच्या मैत्रिणींना मी आवर्जून ऐकवते.

1990 मध्ये शिक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी ठरवले की सरकारी अनुदान कोकणी-मराठीसारख्या भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच मिळेल. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा शहात्तर वर्षांच्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचातर्फे रस्त्यावर उतरल्या. गावातून मेळाव्याला गाडी निघाली होती. मी गेले नाही. माझा मुलगा इंग्रजी शाळेत होता. कोणत्या तोंडाने जाणार?

28 ऑक्टोबर 2016 ला ताई गेल्या.

या स्मरणिकेच्या निमित्ताने परवा शाळेत गेले होते. पहिलीच्या वर्गात चार मुले. सहज विचारले, "मुख्यमंत्री कोण?" नाव बरोबर सांगितले. मग त्यांतल्या एकुलत्या एका मुलीला म्हटले, "पूर्वी एक ताई होत्या, ठाऊक आहे?" तिने बाईंकडे पाहिले आणि विचारले, "कोणाची ताई?"