१८६५० सेलचा (लॅपटॉप बॅटरीतले गोल लिथियम सेल) पुनर्वापर, अपडेट ३: चाळणी झाली, ४२ पैकी २३ उरले

महिनाभर काही लिहिलं नाही कारण सेल डब्यात नुसते पडून होते, आणि खरं सांगायचं तर या वेळचं मेन काम तेच होतं.

मागच्या वेळी ७ जुने लॅपटॉप पॅक फोडले होते, प्रत्येकात ६, म्हणजे ४२ सेल, सगळे २२०० एमएएच कपॅसिटीवाले. फोडल्यावर कळलं की पॅक मेला म्हणजे बऱ्याचदा एकच जोडी मेलेली असते, तेवढ्यावर सर्किट अख्ख्या पॅकला कुलूप लावतं आणि बाकीचे ४ धडधाकट सेल उगाच भंगारात.

५ सेल २ व्होल्टच्याही खाली होते, ते तिथेच बाद. चार्ज घेतात हो ते, पण इतकं खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळतं आणि चार्जिंगला परत कुठेही जाऊन बसतं, मग कधी आतून शॉर्ट होईल नेम नाही. २ सेल चार्जिंगला लावल्यावर हाताला गरम लागले, तेही बाहेर. उरलेले ३५ मी कपॅसिटी मोजायला ५०० मिलिअँपने ३ व्होल्टपर्यंत उतरवले, ८० टक्के म्हणजे १७६० एमएएच ही पासची रेघ धरली, २६ पास.

आता इथे बहुतेक जण पॅक बांधायला घेतात, मीही घेणार होतो. पण फुल चार्ज करून, प्रत्येकावर मार्करने तारीख नि व्होल्टेज लिहून ४ आठवडे ठेवले. २३ जण ४.१५ व्होल्टच्या वर टिकले. ३ घसरले, आणि त्यातला एक थेट ३.९४ वर, जो कपॅसिटीत सगळ्यात भारी होता, २१४०!! तो मी पॅकचा हिरो म्हणून वेगळा काढून ठेवला होता, काय बोलणार. पॅरललमध्ये बसला असता तर शेजारच्या ६ जणांना गुपचूप पीत राहिला असता.

२१ सेलचा ३ सिरीज ७ पॅरलल (७-७ चे ३ गट एकामागे एक) पॅक करतोय इमर्जन्सी लाइटसाठी, २ स्पेअर. बीएमएस (पॅकला जास्त चार्ज-डिस्चार्जपासून वाचवणारं सर्किट) नवीनच घेतला, जुना वापरायची कंजुषी इथे नको. वेल्डिंगऐवजी होल्डर लावतोय, जागा जास्त खातो आणि दिसायला ओबडधोबड आहे पण सहा महिन्यांनी एखादा सेल बसला तर तेवढाच उपटता येईल. बाद १९ च्या टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात दिले.

प्रत्येक सेलला फ्यूज वायर लावायचीय, होल्डरवर कोणी केलंय का? सोल्डर करताना प्लास्टिक वितळतंय.