जेवणाआधी एक

उपकेंद्रात टेलिकन्सल्ट म्हणजे टॅबवर डॉक्टर, समोर पेशंट आणि मधे मी, सीएचओ, म्हणजे उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी. बीपी, शुगर, वजन मी भरते, डॉक्टर तेच बघून डोस ठरवतात, म्हणजे मी जे विचारलं नाही ते त्यांना दिसणारच नाही.

परवा ६८ वर्षांच्या आजी आल्या. शुगरच्या गोळ्या चालू, मेटफॉर्मिन ५००, सकाळी ग्लिमेपिराइड १ एमजी, आणि गेल्या महिन्यात उपाशीपोटी शुगर १८८ आली म्हणून रात्रीही ग्लिमेपिराइडची एक वाढवलेली. परवा २१४! गोळी वाढवून शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, पथ्य नाही पाळत, सकाळची २ एमजी करू. त्यांचंही काय चुकलं, पुढचे कॉल रांगेत, आणि वरून आम्हाला रोज विचारतात कॉल किती झाले, पेशंटचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

मी स्ट्रिप मोजते, याबाबतीत मी जरा खडूसच आहे. एकही गोळी चुकलेली नव्हती. पण स्ट्रिप काढताना पिशवीतून चिंधीत बांधलेला गुळाचा खडा बाहेर आला. आजी सुनेकडे बघून गप्प. सुनेला केसपेपर आणायला बाहेर पाठवलं.

"रातच्याला घाम फुटतोय बाय, हातपाय लटलटत्यात. गूळ खाल्ला की बरं वाटतंय."

"रात्री जेवता काय?"

"चातुर्मास हाय की. एकभुक्त."

म्हणजे आषाढी एकादशीपासून रात्रीचं जेवणच नाही, आणि गोळ्यांच्या पाकिटावर माझ्या अक्षरात, रात्री जेवणाआधी १. "तुमीच म्हनलावता जेवणाआधी. म्या घेतली. जेवायचं न्हवतं, मग?"

ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन सोडायला लावतंच. रात्री शुगर पडायची, आजी गूळ खायच्या, सकाळी माझ्या मशीनवर चढलेली दिसायची, आणि आम्ही वाढवत बसलो असतो.

कॉल चालूच होता. डॉक्टर दोन सेकंद गप्प, मग म्हणाले, थांबा, वाढवायची नाही, रात्रीची बंद, सकाळचीही दुपारच्या जेवणाआधी द्या. मग रांग विसरून आजींशीच बोलले, घाम आला तर लगेच साखर-पाणी, आणि सुनेला उठवायचंच. आजींना काळजी वेगळीच, सुनेला गुळाचं सांगू नका, उपास मोडला म्हणेल. सुनेला बोलावून सांगितलं, शुगर पडते म्हणून, गुळाचं नाव काढलं नाही.

पाकिटावरचं खोडून नवीन लिहिलं. संध्याकाळी रजिस्टर काढलं, रात्रीची ग्लिमेपिराइड घेणारे अजून नऊजण, सगळ्यांच्या पाकिटावर तेच वाक्य. आशाताईंना यादी दिलीय, सहा घरं झाली.