कानातला आवाज आणि खोटी सुई

टिनिटसवर, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात येणाऱ्या आवाजावर, अ‍ॅक्युपंक्चर तपासायचं तर खरी कसोटी खोट्या सुईची, हे आज पुन्हा दिसलं. ही बोथट सुई टोचल्यासारखी वाटते, पण दांड्यात मागे सरकते. कातडीत शिरत नाही. तिला आधाराला रिंग आणि चिकटपट्टी लागते. कानामागे, केसांजवळ ती नीट बसत नाही, आणि रुग्णाला फरक कळला की चाचणी फसली.

शिवाय हा आवाज आपोआप कमीजास्त होतो. असह्य झाला की माणूस येतो, मग नैसर्गिक उतारही सुईच्या नावावर जमा होतो. म्हणून आधी दोन आठवडे रोजची नोंद हवीच. टिनिटसचा त्रास मोजणाऱ्या टीएचआय प्रश्नावलीत २५ प्रश्न, १०० गुण. निदान ७ गुण उतरले तरच फरक धरावा.

एकाच कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येतोय? आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.