वाशीचा गाळा ते न्हावा-शेवा: आमची वाटचाल

आमची पेढी मूळची अडतीची. वडील जुन्नरकडून आले, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आधी मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, होते, मग स्वतःचा गाळा घेतला. त्यांचा एकच दंडक होता: पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाचे, पैसे शेतकऱ्याला त्याच दिवशी. जुन्नर-आंबेगावचे शेतकरी आजही आमच्याकडे माल लावतात, ते त्या दंडकावर.

निर्यातीत मी उतरलो. आमच्याच गाळ्यावरून माल उचलून दुसरे लोक तो दुबई-कोलंबोला पाठवत होते, आणि न्हावा-शेवा बंदर इथून तासाभरावर. आयात-निर्यात कोड, शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था अपेडाची नोंदणी, माल कीड-रोगमुक्त असल्याचा फायटो दाखला, कस्टम्सचं काम बघणारा क्लिअरिंग एजंट, हे सगळं जमून गेलं. खरं शिक्षण झालं ते निवडीवर. आमच्या तुर्भ्याच्या वखारीत निवडीला बसणाऱ्या मावशी कांदा उचलतात आणि अंगठ्यानं मान दाबून बघतात. मान मऊ लागली की तो बाजूला. ओल्या मानेचा कांदा वाटेतच आतून सडतो. जोड कांदा, कोंब, काळी बुरशी म्हणजे काजळी, पत्ती (वरची साल) सुटलेला, सगळं वेगळं निघतं. आखाती देशांतल्या गिऱ्हाइकाला डबल पत्तीचा, रंगदार, 55 मिलिमीटरच्या वरचा माल लागतो. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, इथेच खपते. चाळीस फुटी रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये 28-29 टन कांदा बसतो, आणि त्यातली थोडी पोती खराब निघाली तरी समोरचा अख्ख्या कंटेनरचा भाव पाडून मागतो.

ही मेहनत आपल्या हातातली आहे. तिची तक्रार नाही.

14 सप्टेंबर 2020 ला कांद्याची निर्यातबंदी आली. आमचा माल तेव्हा बंदराच्या वाटेवर होता. कंटेनर अडला की रीफरच्या विजेचं भाडं चालू राहतं, आत माल कोंब धरू लागतो, आणि सौदा केलेला माणूस रोज फोन करतो. 1 जानेवारी 2021 पासून निर्यात सुरू झाली. मग 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. सौदे आधीच्या भावानं झालेले, शुल्क भरायचं आम्ही. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य ठरलं, म्हणजे किलोला 66-67 रुपयांच्या खाली माल बाहेर पाठवता येईना, आणि 8 डिसेंबरपासून पुन्हा बंदी. ज्यांचा माल आधीच कस्टम्सच्या ताब्यात होता किंवा जहाजावर चढत होता, त्यांना सूट मिळाली. आमच्यासारख्यांचा माल वखारीत निवडून, भरून तयार होता; तो लोकल बाजारात पडत्या भावानं काढावा लागला.

सरकारची अडचण मला समजते. मी शहरातच राहतो, सोसायटीखालच्या गाडीवर कांदा महाग झाला की घरात काय बोलणं होतं ते ऐकतो. पण उन्हाळ कांदा शेतकरी शेतावरच्या कांदाचाळीत चार-सहा महिने सांभाळतो, तोवर वजन घटतं, काही सडतो, आणि तो जोखीम घेतो ती पुढच्या भावाच्या आशेवर. ती आशा एका रात्रीत मारली तर पुढच्या वर्षी तो लागवडच कमी करतो, आणि महागाई पुन्हा दारात येते.

म्हणून आम्ही द्राक्षाकडेही वळलो. तिथे नियम सोपे नाहीत. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. आता निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, अपेडाच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदीवर पेटीवरून प्लॉट सापडतो. कोणत्या औषधाचा किती अंश चालेल ते बागायतदाराला हंगामाआधी कळतं, तो त्याप्रमाणे फवारणी बदलतो. नियम कितीही कडक असो, आधी माहीत असेल तर आमचा शेतकरी तो पाळून दाखवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

4 मे 2024 ला कांद्यावरची बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क, म्हणजे 770 डॉलरच्या खाली माल निघणं शक्य नव्हतं. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही संपलं. मलेशियाचं आमचं जुनं गिऱ्हाईक परत आलंय, पण पूर्वीच्या निम्म्या मालासाठी. बंदीच्या काळात त्यानं पाकिस्तानकडून माल घ्यायला सुरुवात केली आणि आता त्या पुरवठादाराला तो सोडत नाही. आता आमच्या प्रत्येक सौद्यात नव्यानं लागणारं शुल्क खरेदीदाराच्या अंगावर, असं कलम असतं. काहींनी त्यावर सही करायला नकार दिला. त्यांच्याशी आम्ही धंदा थांबवला.

व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी एकच मागणी लावून धरतो: आदेश काढायचाच असेल तर तारखेआधी लेखी झालेले सौदे त्यातून वगळा, आणि निदान एक महिन्याची मुदत द्या. बफरचा, म्हणजे सरकारी साठ्यातला, कांदा बाजारात आणायला सरकारलाही तेवढा वेळ पुरतो.