आमची वाटचाल : पगार सहा महिन्यांनी, दर वर्षाने

२००९ साली रबाळ्याच्या एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात, दोन पॉवर प्रेस आणि चार कामगार घेऊन, आम्ही विजेच्या पॅनेलना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प करायला सुरुवात केली. आज आम्ही बावीस जण आहोत. यंत्रे कशी घेतली आणि कर्जे कशी फेडली याची हकिगत इतरांसारखीच आहे. किमान वेतनाने मात्र आमची हिशेबाची रीतच बदलली, म्हणून त्याविषयी लिहितो.

महाराष्ट्रात किमान वेतनातील विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार दर जानेवारीत आणि जुलैत बदलतो. एका कामगाराचे वेतन हजार रुपयांनी वाढले, की भविष्य निर्वाह निधीचे शुल्कासह १३०, कर्मचारी राज्य विमा योजनेचे साडेबत्तीस, किमान बोनसचे ८३ आणि ग्रॅच्युइटीच्या तरतुदीचे ४८ रुपये धरून मालकावरचा बोजा सुमारे १,२९४ रुपयांनी वाढतो. ही वाढ कामगाराच्या हक्काची आहे, यात मला कधी शंका वाटली नाही. घणसोलीतल्या एका खोलीचे भाडे आणि मुलांच्या शाळेची फी भरताना त्याची काय ओढाताण होते, ते आम्ही रोज पाहतो.

अडचण दुसरीकडे होती. आमचा सर्वांत मोठा ग्राहक पत्र्याचा भाव वाढला की दर बदलून देई, पण मजुरीचा विषय काढला की तो आमचा अंतर्गत प्रश्न ठरे आणि जुनाच दर वर्षभर चाले. लघुउद्योगांची बिले ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. दराला मात्र असा आधार नाही. एका जुलैत पॅकिंगच्या मावशींनी विचारले, "शेठ, वाढ आली म्हणतात, आमच्या हातात कधी पडणार?" वाढ त्याच महिन्यात दिली, पण त्यासाठी ओव्हरड्राफ्ट वापरावा लागला आणि रिकाम्या झालेल्या दोन जागा आम्ही भरल्या नाहीत. त्या दोन जागांचे काम उरलेल्यांवर पडले, याची बोच आजही आहे.

त्याच सुमारास हजेरीपट नीट वाचताना आमचीही चूक दिसली. स्वतः प्रेसवर डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बसवणारा आणि मायक्रोमीटर वाचणारा आमचा ऑपरेटर कागदोपत्री अर्धकुशल होता. त्याला कुशलचा दर लावला आणि पाठोपाठ आणखी तिघांना. पूर्वी शिकवून तयार केलेला माणूस थोड्या जास्त पगारासाठी शेजारच्या गाळ्यात जाई आणि नव्याचा हात बसेपर्यंत दोन महिने रिजेक्शनचा ढीग साचे, ते थांबले. कापणे आणि भोके पाडणे ही क्लॅम्पची दोन कामे एका कंपाउंड डायवर आणली, आणि मोकळ्या झालेल्या मुलाला घरी न पाठवता तपासणीवर घेतले.

आता आमच्या दरपत्रकात पत्र्याच्या भावाच्या अटीखालीच विशेष भत्त्याची अट असते. दोन ग्राहकांनी ती मान्य केली. मोठ्या ग्राहकाने नाकारली, तेव्हा त्यांचे तोट्यात जाणारे तीन सुटे भाग आम्ही करायचे सोडले आणि ती पोकळी भरून काढायला आठ महिने लागले. येत्या जुलैचा भत्ता जाहीर झाला, की नव्या पगारपत्रकाबरोबर ग्राहकांना नवे दरपत्रकही त्याच दिवशी जाईल.